सीतेचा डाव

मुंडेरबैल,
११ जुलै १९९४

जलजे,

बडोद्याला पाऊस आहे का? आपल्याकडचा पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो, हे तुला माहीतच आहे. सध्या त्याने मागची भिंत धरली आहे. भिंतीला हिरवं शेवाळ आलंय आणि मला खोकला.

आटी महिना तोंडावर आला, म्हणून आज शेजारच्या मुत्तक्काला माळ्यावर चढवून चेन्ने खेळायची खळग्यांची फळी खाली काढली. वरून ती ओरडत होती, "मास्तर, इथे फळी नाही, उंदरांचं आख्खं गाव वसलंय! त्यांची शाळा घ्यायला तुम्हीच वर या!" शेवटी फळी मिळाली. फणसाच्या लाकडाला काही झालेलं नाही. खोबरेल चोळून ठेवली आहे. तुझ्या आईच्या बाजूचा तिसरा खळगा अजून बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत लागतो. ती नेहमी डाव तिथूनच उचलायची. रतनगुंजेच्या बियाही तांब्यात होत्या तशाच आहेत, लालभडक. माणसं फिकी पडतात, बिया पडत नाहीत.

शेतात काम नसतं म्हणून आटीत मुली माहेरी येऊन बसतात. पन्नाशीच्या बाईने येऊ नये असं कुठे लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. आणि आपल्यात घर मुलींचं. मामा म्हणजे राखणदार. राखणदाराने मालकिणींना वेळेवर बोलवावं, म्हणून बोलावतो आहे. मालकिणींना म्हणजे दोघींना. हरिणीलाही याच टपालाने पत्र टाकतो आहे. पुत्तूर काय, बसने दोन तासांवर.

मागच्या कार्डात तू लिहिलं होतंस, "तिला सांग, आईच्या समया तिने ठेवून घेतल्या तरी माझं काही म्हणणं नाही, पण तिच्या उशिराच्या तारेचं मी मरेपर्यंत विसरणार नाही." मी तिला कळवलं. समयांचं कळवलं. तारेचं राहून गेलं.

एक गंमत सांगतो. खालच्या शेतातून आता रेल्वेचा भराव जातोय. पलामूरकडची तेलुगू माणसं मातीकामाला आली आहेत. बायकापोरांसकट पत्र्याच्या झोपड्यांत राहतात. गावातले त्यांच्याशी बोलत नाहीत. बोलणार तरी कोणत्या भाषेत? परवा छत्री घेऊन भरावापर्यंत गेलो होतो. एका पत्र्याखाली, कोरड्या राहिलेल्या वितभर मातीत, कुणीतरी बोटांनी खळग्यांच्या दोन ओळी केल्या होत्या. दोन्ही बाजूंना दोन पोरी बसल्या होत्या आणि चिंचोके पेरत होत्या. जलजे, मी तिथेच उभा राहिलो. चेन्ने जगात फक्त आपलं, असंच मी चौऱ्याहत्तर वर्षं धरून चाललो होतो.

आणि दोघी सख्ख्या बहिणी. एक नाक, एक कपाळ. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगं, बहिणी-बहिणींनी समोरासमोर बसू नये!" मोठीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग छत्रीकडे पाहिलं, आणि पुन्हा पेरायला लागली. धाकटी मात्र हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेत.

ये. फळी पुसून ठेवली आहे. रोज संध्याकाळी एकट्याने सीतेचा डाव तरी किती मांडायचा? बिया फिरून फिरून पुन्हा होत्या तिथेच येतात, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. अशोकवनात तिला निदान राक्षसिणी तरी होत्या बोलायला.

वाट पाहत,
देजू मामा


२१ जुलै

जलजे,

तुझं उत्तर नाही. संकप्पा टपालवाला फाटकापाशी येण्याआधीच लांबून हात हलवतो, म्हणजे मी उगीच उठू नये.

पण तुला वाटेल तितकं घर सुनं नाही. भरावावरच्या त्या दोघी इथे यायला लागल्या आहेत. मोठी मोगुलम्मा, दहाएक वर्षांची, मोजकं बोलणारी. धाकटीला सगळे चिट्टीच म्हणतात. तिचं खरं नाव तिलाही ठाऊक असेल असं वाटत नाही. पहिल्या दिवशी मी फळी घेऊन पडवीच्या पायरीवर नुसता बसून राहिलो. त्या अंगणाबाहेर जांभळीखाली उभ्या. मी एकटाच बिया पेरत होतो आणि मुद्दाम चुकत होतो. चिट्टीला ते सहन होईना. धावत आली, माझ्या हातातली बी काढून घेतली, बरोबर खळग्यात टाकली आणि कपाळावर हात मारला. गावात इतक्या लवकर कुणी माझी परीक्षा घेतली नव्हती.

आता रोज येतात. मी तुळूत मोजतो, "ओंजि, रड्ड, मूजि." त्या मोजतात, "ओकटी, रेंडु, मूडु." मूजि आणि मूडु शेजारी ठेवून बघ. एकाच आईच्या दोघी, वेगवेगळ्या घरी दिलेल्या. नियमही जवळपास आपलेच. उचलायचं, एकेक पेरत जायचं, संपलं की पुढचा खळगा उचलायचा, आणि पुढे रिकामा लागला तर त्याच्या पलीकडचं सगळं आपलं. मला त्या "ताता" म्हणतात. त्यांच्यात आजोबाला ताता.

मुत्तक्काने पहिले दोन दिवस अंगणातले नारळ मोजले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मास्तर, पोरी कोण, कुठल्या, जात काय, काही विचारलंत?"

"विचारलं. तेलुगूत उत्तर दिलं."

"म्हणजे कळलं नाही."

"म्हणजे बरंच झालं."

ती फणकारून गेली. संध्याकाळी अळूचे पत्रोडे घेऊन आली आणि माझ्यासमोर न ठेवता पोरींसमोर ठेवले.

त्यांचा बाप कुर्मय्याही येऊन गेला. पोरी रोज जातात कुठे ते बघायला आला असणार. अंगणाच्या टोकाला फावडं घेऊन निथळत उभा राहिला. पडवीवर चढेना. मी त्याला बोलावलं, पाट दिला, फळी पुढे सरकवली. त्याने फावडं भिंतीला टेकवलं, हात लुंगीला पुसले आणि मला असा हरवला की तुझ्या आईची आठवण झाली. जाताना त्याने पोरींच्या डोक्यांवर हात ठेवून माझ्याकडे बोट केलं. परवानगी मिळाली.

दोघींना समोरासमोर मात्र मी बसू देत नाही. एक डाव मोगुलम्माशी, मग एक चिट्टीशी. तुमचंही असंच होतं, आठवतं? तू म्हणायचीस, "मामा, एकदा मला हरिणीशी खेळू दे, तिचा माज उतरवते." हरिणी म्हणायची, "मला अक्काशीच खेळायचंय, तुझ्याशी नको, तू मुद्दाम हरतोस." पण तुझी आई स्वयंपाकघरातून हाक द्यायची, की बहिणी चेन्नेला बसल्या तर घर दुभंगतं. मग मी मध्ये बसायचो. तुझा राग माझ्यावर निघायचा, तिचाही माझ्यावर. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

काल पाऊस ओसरला तेव्हा चिट्टीला तिसरीच्या पुस्तकातली ती कविता म्हणून दाखवली:

नदी म्हणाली, चल ना दगडा,
दगड म्हणाला, नाही.
नदी निघाली वळसा घेउन,
दगड एकटा राही.

शाळेच्या संमेलनात तू तिसऱ्या ओळीला अडकलीस आणि खाली बसलेल्या हरिणीने आख्ख्या गावादेखत ओरडून ती ओळ सांगितली. तू स्टेजवरूनच तिला म्हणालीस, "मला येत होती!" सगळे हसले. तूही. चिट्टीला अर्थ कळत नाही. पण 'नाही' म्हणताना ती मान अशी जोरात हलवते की अर्थ तिलाच कळला असावा.

ये ग.

देजू मामा


१ ऑगस्ट

जलजे,

अक्षर वाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन जुनं आहे.

तुझं कार्ड मिळालं. "ती येणार असेल तर मी येणार नाही. तिला सांग." हरिणीचंही मिळालं, त्याच दिवशी. त्यातही शेवटचे दोन शब्द तेच आहेत. संकप्पा दोन्ही कार्डं एकदम देताना म्हणाला, "मास्तर, भारी मागणी आहे तुमची." मी म्हटलं, होय बाबा.

यावेळी मी कुणालाच काही सांगितलेलं नाही.

परवाची गोष्ट. मी दुपारी पडवीत खाटेवर होतो. हल्ली दुपारी आडवं व्हायची सवय लागली आहे. पोरी आल्या. मी फळी त्यांच्याकडे सरकवली, पण खाली उतरून बसलो नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली. चिट्टीने माझा पाय हलवून बघितला, मी तो काढून घेतला. मग दोघी एकमेकींकडे बघून फळीच्या दोन बाजूंना बसल्या. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय सांगणार होतो?

मुत्तक्का पेज घेऊन आली ती दारातच थबकली. "अय्यो मारायरे! बहिणींना बसवलंत? घर बुडवाल त्यांचं!"

"त्यांना घर कुठे आहे, मुत्तक्का?"

तिने पेज ठेवली आणि खांबाला टेकून डाव बघत बसली.

थोड्या वेळाने भांडण लागलं. चिट्टीने एक बी मुठीत लपवली असं मोगुलम्माचं म्हणणं. चिट्टीचं म्हणणं तेलुगूत होतं आणि फार लांब होतं. मोगुलम्माने तिला फाडकन मारली. चिट्टीने तिच्या मनगटाचा चावा घेतला. फळी उलटली, बिया अंगणभर. मुत्तक्का म्हणाली, "बघा! बघा! सांगितलं नव्हतं?" आणि तिच्या चेहऱ्यावर खरं सांगायचं तर समाधान होतं.

मी खाटेवरून काही करू शकलो नाही. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. पावसाची एक सर आली आणि गेली. मग मोगुलम्मा उठली, शेवाळलेल्या अंगणातून वाकून वाकून बिया गोळा करू लागली. चिट्टी बसल्या जागेवरून बोट दाखवत राहिली, तिथे एक, तिथे एक. सगळ्या मिळाल्यावर मोठी येऊन धाकटीच्या पुढ्यात बसली आणि डोकं मागे केलं. चिट्टीने तिच्या केसांतल्या उवा काढायला घेतल्या. हुंदके देत देतच काढत होती.

मुत्तक्का भांडी उचलताना एवढंच म्हणाली, "ह्या पोरींचं सगळंच उलटं."

मला मात्र झोप लागली नाही. तुम्ही दोघी माझ्या पडवीत कधी भांडला नाहीत. आठवून बघ. एकमेकींना मारलं नाहीत, चावलं नाहीत, म्हणून पुन्हा जवळ येऊन बसायचीही वेळ आली नाही. मी मध्ये होतो ना. आईने नियम पाळला, मी पाळला, देवाशपथ पाळला. आणि तुमचं पहिलं भांडण झालं ते आईच्या बाराव्याला, जेवणाच्या पंगतीत, पन्नाशीला टेकताना. इतक्या उशिरा शिकलेलं भांडण कसं संपवायचं, हे कुणी शिकवलेलंच नाही.

फळीची एक कड थोडी उडाली आहे. बाकी ठीक.

देजू मामा


८ ऑगस्ट

जलजे,

मागच्या पत्रातल्या अक्षराबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणजे पत्र पोचायचं असेल. पेन जुनं नव्हतं. एकोणतीस तारखेला सकाळी मागच्या अंगणात शेवाळावरून पाय सटकला. डावं कंबरडं आणि उजवं मनगट. मी बराच वेळ पावसात पडून होतो. हाका मारल्या, पण पागोळ्यांपुढे माझा आवाज कुठला ऐकू जातो? चिट्टी खेळायला आली, पडवीत मी नाही म्हणून घरात शिरली, घरात नाही म्हणून मागे आली. मला बघून आधी हसली. मी लपलोय असं तिला वाटलं. मग धावत भरावावर गेली. कुर्मय्या आणि आणखी दोघांनी मला उचलून आणलं. हाड मोडलेलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या पोराने पट्टी बांधली आणि म्हणाला, "अज्जा, आता नाचणं बंद."

मुत्तक्काने मला न विचारता बसच्या कंडक्टरकडून पुत्तूरला निरोप धाडला.

हरिणी परवा आली. बाराव्यानंतर पहिल्यांदा. दार उघडंच होतं, तरी उंबऱ्याबाहेर भिजत उभी राहिली. "येऊ का, मामा?" म्हणते. स्वतःच्या घरात! मी म्हटलं, "घर तुझं आहे, मला काय विचारतेस?" ती म्हणाली, "अर्धं." आणि चपला काढल्या.

काल आटीची अमावास्या. मुत्तक्काच्या मुलाने पहाटे सातविणीची साल दगडाने ठेचून आणली. हरिणीने तापावरचा काढा केला, तुझ्या आईसारखाच कडू. पोरींनाही दिला. मोगुलम्माने डोळे मिटून गिळला. चिट्टीने मुत्तक्काच्या पायावर थुंकला. मुत्तक्का ओरडली, "माझ्या पायांना आता वर्षभर ताप येणार नाही!" मग सगळ्यांना मेथीची पेज.

पेज खाऊन पोरींनी हरिणीला फळीकडे ओढलं. ती म्हणत होती, "मला येत नाही आता, विसरले." पण हाताला आठवत होतं. खेळता खेळता चिट्टीला भिंतीवरचा फोटो दिसला, तुमचा दोघींचा, दोन वेण्यांचा. बोट तुझ्यावर ठेवून तिने हरिणीला विचारलं, "अक्का?"

"हो. अक्का."

चिट्टीने दोन्ही हात उलटे करून विचारलं, कुठे आहे? हरिणीने थोडा विचार करून भरावाकडे हात केला, रूळ जातील त्या दिशेला, उत्तरेला. चिट्टीने मान डोलावली, जणू भरावावरून चालत गेलं की पोचतोच.

संध्याकाळी आम्ही दोघं जेवायला बसलो तेव्हा हरिणीने विचारलं, "तू पडलास ते तिला कळवलंस?"

"नाही."

"का?"

"इतक्या लांबून ती काय करणार? उगीच घाबरेल. मला वाटलं, दोन-चार दिवसांत उठेन, मग सावकाश लिहीन."

तिने हातातला घास पानात ठेवला. "मग मी तरी दुसरं काय केलं होतं, मामा?"

जलजे, तुझी आई पुत्तूरला शेवटची आजारी होती तेव्हा हरिणीला असंच वाटलं असणार. आज बरी होईल, उद्या होईल, मग अक्काला लिहू, उगीच कशाला तिला दोन दिवसांच्या गाडीत रडत बसवायचं. आणि मग तार करायची वेळ आली तेव्हा ती उशिराचीच तार होती.

हे मी तिच्या वतीने लिहीत नाही. तिने "तिला सांग" म्हटलेलं नाही. ती ताटं उचलून विहिरीवर गेली. मी पाहिलं ते लिहितो आहे. राग धरायचाच असेल तर आधी माझ्यावर धर. मी तर तारही केली नाही. वर पेनाला दोष दिला.

देजू मामा


१९ ऑगस्ट

जलजे,

तुझी तार मिळाली. प्रकृती बरी आहे, काठी घेऊन फाटकापर्यंत जातो. "हरिणी तिथेच आहे का" हेही तू तारेत विचारलंस. तारेत शब्दागणिक पैसे पडतात आणि तू कंजूष, लहानपणापासून. तार मी हरिणीच्या हातात दिली. तिने ती वाचली, घडी केली, चुलीपाशी गेली, पुन्हा उघडून वाचली. मग भाताला उतू जाऊ दिलं.

आटी संपली. सोण महिना लागला. मुत्तक्का रोज सकाळी येऊन तेच म्हणते, "फळी माळ्यावर टाका, मास्तर. आटीनंतर फळी खाली दिसली तर घरात भांडणं होतात."

"कुणाशी भांडू? तुझ्याशीच ना?"

"माझ्याशी भांडा, पण फळी वर टाका."

टाकलेली नाही. का ते सांगतो.

हरिणी गेली त्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली, केस विंचरले, बसला वेळ होता. फळी घेऊन पडवीत बसली. मला वाटलं माझ्याशी एक डाव खेळणार. मी काठी टेकून खाली बसायला लागलो तर म्हणाली, "तू नको, मामा." तिने दोन्ही बाजूंच्या खळग्यांत चार-चार बिया भरल्या. मग आपल्या बाजूचा तिसरा खळगा उचलला, आईचा, आणि पेरत गेली. एक फेरा, दुसरा फेरा. शेवटी रिकाम्यापाशी थांबली, पलीकडचं उचललं, पदराला हात पुसले.

"आता तिची पाळी. तिला सांग."

"मी नाही सांगणार."

"का?"

"तुमच्या दोघींच्या मध्ये बसून माझी मांडी अवघडली. आता पाय पसरू दे."

"मग तिला कसं कळणार?"

"कार्ड मिळतं की टपालात. तू तुझ्या अंगणात खळगे कर, ती तिच्याकडे करेल, एकमेकींना कळवा काय उचललं ते."

"ती तिसऱ्या मजल्यावर राहते, मामा. फरशीत खळगे करू?"

"तिच्या नवऱ्याच्या हॉटेलात इडलीपात्रं कमी आहेत का?"

हरिणी हसली. पंगतीतल्या त्या दिवसानंतर मी तिला हसताना पाहिलेलं नव्हतं. मग माझ्या टेबलाशी बसली, कार्ड पुढे घेतलं आणि परीक्षेला बसल्यासारखं पेन चावत राहिली. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. लिहून झाल्यावर कार्ड पालथं ठेवलं आणि स्वतः फाटकावर उभी राहून संकप्पाच्या हातात दिलं. "बहिणी-बहिणी चेन्नेला बसतायत म्हणे," मुत्तक्का ओठ मुरडून म्हणाली. "दुभंगायचं ते घर दुभंगलंच आहे, मुत्तक्का," हरिणी म्हणाली, "आता आणखी काय होणार?"

ते कार्ड तुला पोचलं असेल, नाहीतर या पत्राच्या मागेपुढे पोचेल. त्याचं उत्तर मला पाठवू नकोस. हरिणीचा पत्ता तुझ्याकडे आहे, तरी मागे पुन्हा लिहिला आहे, ठळक.

रेल्वेवालेही गेले. इथला भराव झाला, आता नदीपलीकडे काम. ट्रक आला तेव्हा पाऊस नव्हता. कुर्मय्याने दोन्ही हात जोडले. मी मोगुलम्माच्या ओच्यात तांब्यात उरलेल्या मूठभर लाल बिया घातल्या. चिट्टीने चिंचोक्यांची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली आणि मूठ घट्ट मिटून दिली. ट्रक वळणावर गेला तेव्हा ती मागच्या फळीला धरून आपल्या तेलुगू चालीत ओरडत होती, "नदी म्हणाली, चल ना दगडा." पुढची ओळ इंजिनात बुडाली. ती मीच म्हटली, मान हलवून.

इतक्या वर्षांत ही कविता शिकवताना मी पोरांना सांगायचो, दगडासारखं हट्टी होऊ नये. दगडाला तिथे काही काम असेल, असं कधी मनात आलं नाही.

एक गोष्ट कबूल करतो, म्हणजे तुला माझी काळजी वाटायची नाही. गेली दोन वर्षं मला जितकी पत्रं आली तितकी उभ्या आयुष्यात आली नव्हती. तुम्ही एकमेकींशी बोलत नव्हता म्हणून दोघी माझ्याशी बोलत होता. आता टपाल कमी होईल. संकप्पाने आजच लांबून हात हलवला. मी तरी फाटकापर्यंत गेलोच, त्याला बडोदा ते पुत्तूर कार्डाला किती दिवस लागतात ते विचारायला. म्हणाला, "रूळ झाले की लवकर पोचेल, मास्तर."

फळी पडवीत तशीच आहे. तुमच्या डावाने ती अडलेली आहे, मी हात लावत नाही. मांजर जवळ आलं तर काठी आपटतो. संध्याकाळी मग पागोळ्यांच्या आत, जिथली माती कोरडी राहते तिथे, काठीच्या टोकाने खळगे केले, अगदी त्या पोरींसारखे. चिट्टीच्या चिंचोक्यांनी सीतेचा डाव मांडला. बिया फिरून फिरून होत्या तिथे आल्या. अंधार पडेपर्यंत मी समोरची फळी बघत बसलो होतो. तुझ्या बाजूचे खळगे भरलेले आहेत.

तुझी पाळी आहे, जलजे. तिला लिही.

देजू मामा